अशुभ आणि अश्लील : खानदेशातल्या शिव्याशापांविषयी

जळगाव-धुळ्याकडच्या जुन्या घरात 'दिवा विझव' असं कोणी म्हणत नाही. दिव्याला निरोप द्यायचा असतो. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद करत नाहीत, तेही वाढवतात. घराबाहेर पडणारा 'जातो' म्हणाला की म्हातारं माणूस लगेच 'येतो म्हण' असं दटावतं. रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही, 'जनावर' म्हणायचं. बाईला नवऱ्याचं नाव घ्यायचं तर उखाण्याच्या आडून. आणि त्याच घरातला कर्ता पुरुष औताच्या बैलाला, बंद पडलेल्या पाण्याच्या मोटारीला, उशिरा आलेल्या सालदाराला आई-बहिणीवरून जे काही बोलतो, ते ओट्यावरच्या नातवंडांपासून शेजारच्या गल्लीपर्यंत ऐकू जातं. त्याला मात्र कोणी दटावत नाही.

खानदेशातल्या शिव्या, शाप आणि टाळायच्या शब्दांचा हा संग्रह हाती घेताना एवढी गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. इथल्या माणसांना शब्दांची भीती नव्हती असं नाही. भीती फार होती, पण ती अशुभाची होती. अश्लीलाची भीती मागाहून आली. शाळेबरोबर, छापील मराठीबरोबर, शहरातल्या नोकरीबरोबर आली. एक माप जाऊन दुसरं आलं, तेव्हा कोणाचं तोंड बंद झालं आणि कोणाचं उघडंच राहिलं, हा मला या विषयातला खरा प्रश्न वाटतो. पुढची पानं मी त्याच प्रश्नासाठी वाचली.

अहिराणीत शिव्यांना 'गाया' म्हणतात. या गाया पुरुषांच्या आणि बायकांच्या अशा वेगळ्या काढल्या, तर दोन निराळी जगं समोर येतात. पुरुषांच्या शिव्या जवळजवळ सगळ्या देहाच्या आणि नात्याच्या आहेत. शिवी पुरुषाला द्यायची, पण तिचा घाव त्याच्या आईवर, बहिणीवर, बायकोवर. बायकांच्या शिव्या वेगळ्या. तुना मुडदा निंघो. तुले मरीमाय खावो. तुनं वाटोयं होवो. जयो तुनं तोंड. यांत देहसंबंधाचा उल्लेखही नाही. मरण आहे, रोग आहे, जळणं आहे, उजाड होणं आहे. त्यांना शिवी म्हणण्यापेक्षा शाप म्हणणं जास्त बरोबर.

हे शाप हवेतून आलेले नाहीत. पटकी आणि मरी म्हणजे गावंच्या गावं ओस पाडणारा कॉलरा. १८९६-९७ चा आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ खानदेशाने अंगावर काढला. दुसरा दुष्काळ विक्रम संवत १९५६ मधला, म्हणून तो 'छप्पन्नचा' या नावाने लोकांच्या बोलण्यात राहिला. त्याच काळात प्लेग आला. माणसं गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहिली. अशा काळात 'तुला पटकी येवो' हे शब्द जिच्या तोंडून निघत, ती बाई काय मागते आहे हे ऐकणाऱ्याला नेमकं कळत होतं. पुरुषाच्या शिवीने भांडण वाढे. बाईच्या शापाने माणूस घाबरे, रात्री नीट झोपत नसे, घरात कोणी आजारी पडलं तर 'तिची हाय लागली' म्हणून तिच्या दारी जाई. ज्या बाईला जमिनीत वाटा नव्हता, पंचांपुढे जागा नव्हती आणि सावकारापुढे उभं राहण्याची सोय नव्हती, तिच्याकडे दाद मागण्याचं हे एकच साधन होतं. तळतळाट हा शब्द आपण आता अलंकारासारखा वापरतो. तेव्हा ती फिर्याद होती.

आणि हाच मुडदा मायेनेही येतो. उन्हातान्हात हुंदडून आलेल्या नातवाला आजी 'मुडदा, जेवी ले' म्हणते, तेव्हा तिच्या आवाजात काय असतं हे खानदेशातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पण हे केवळ लाडाचं बोलणं नव्हे. ज्या घरात पोरं जगत नसत, तिथे पुढच्या पोराचं नाव दगडू, धोंडू, केरू, उकर्डू ठेवत. हे मूल टाकाऊ आहे, याच्याकडे बघू नका, असं मृत्यूला आणि दृष्टीला सांगायचं. आजीचा 'मुडदा' त्याच जातीचा. जे होऊ नये ते आपणच आधी बोलून टाकायचं, म्हणजे ते टळतं. अशुभाची एवढी जाण असलेली माणसं उगाच तोंडाला येईल ते बोलत नव्हती. शब्द कुठे लागतो आणि कुठे राखतो, याचं त्यांचं शास्त्र पक्कं होतं.

शब्द लागतो या समजुतीला राजसत्तेचाही आधार सापडतो. कोकणातल्या शिलाहारांच्या काळचे गधेगाळ प्रसिद्ध आहेत. दिलेलं दान जो मोडेल त्याच्या आईवरून गाढवाची शिवी, तीही दगडावर कोरून, चित्र काढून. परळचा शके ११०९ चा, म्हणजे इ. स. ११८७ चा अपरादित्याचा लेख हा त्यांतला ठळक नमुना. मराठीच्या अगदी जुन्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. दानपत्रातल्या शिवीला तेव्हा कोणी असभ्य म्हटलं नाही, कारण ती राजाच्या आज्ञेखाली होती. पण तिथेही घाव बाईवरच होता, हे विसरून तिचं कौतुक करता येणार नाही.

खानदेशातली या सगळ्याची सर्वांत जिवंत जागा म्हणजे आखाजी. अक्षय्य तृतीयेला बाकी महाराष्ट्रात सोनं घेतात, इथे लेकी माहेरी येतात. पितरांची घागर भरली जाते, सांजोऱ्या होतात, आमरस होतो, निंबाच्या झाडाला झोके बांधले जातात, टोपलीत पेरलेल्या धान्याची गौराई मांडली जाते. या सणाला पुरुषांच्या जुगाराकडेही गाव काणाडोळा करतं. आणि काही गावांत गौराई बोळवायला निघालेल्या पोरी-बाया नदीच्या किंवा शिवेच्या दोन बाजूंना उभ्या राहून समोरच्या गावातल्या बायांना मोठ्याने गाया देतात. हात नाचवून, पदर खोचून, नाव घेऊन, कधी खडे-ढेकळं फेकूनसुद्धा. साताऱ्याकडे खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या गावांमध्ये नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी असंच होतं. ओढ्याच्या दोन काठांवरून दोन गावच्या बाया शिव्यांचा भडिमार करतात. 'बोरीचा बार' म्हणून तो दूरवर ठाऊक आहे.

या प्रथेकडे गंमत म्हणून बघणारे पुष्कळ. मला ती गंमत वाटत नाही. आखाजीला आलेली ही बाई वर्षभर सासरी कोणाच्या पुढे तोंड उघडत नाही. सासूपुढे नाही, दिरापुढे नाही, नवऱ्याचं तर नावही घेत नाही. तिला सणाच्या या चार घटका मिळतात. माहेरच्या मातीवर, आपल्या सयांच्या घोळक्यात, मोकळ्या आवाजात तिला बोलता येतं, आणि ज्या शब्दांनी एरवी तिला मारलं जातं तेच शब्द ती हाताळते. समोरच्या काठावरचीही तिच्यासारखीच माहेरवाशीण असते. दोघींचं एकमेकींशी वैर नसतं. सूर्य मावळला की दोघी आपापल्या घरी जातात आणि दोनतीन दिवसांनी आपापल्या सासरी. बहिणाबाईंनी आखाजीवर कविता केली आहे. त्या कवितेतल्या झोक्यावर आणि माहेरावर बोलताना समीक्षकांना गहिवर येतो, पण काठावरच्या गायांबद्दल ते गप्प राहतात. सण एकच आहे. झोका ठेवून गाया वगळल्या तर त्या बाईचं अर्धं बोलणं वगळलं जातं.

बहिणाबाईंचं नाव आलं, तर आणखी एका शब्दाविषयी बोलणं भाग आहे. 'रांड' म्हणजे विधवा. या मुलखात भांडणात बाईला द्यायची सर्वांत सोपी शिवी हीच, आणि 'रांडना' म्हणून पोराला हाक मारायची तीही याच शब्दाने. नवरा मरणं हा बाईचा गुन्हा आहे असं ज्या समाजाला वाटतं, तोच समाज हा शब्द शिवी म्हणून वापरू शकतो. १८८० साली असोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई तिशीतच विधवा झाल्या. त्यानंतर चाळीस वर्षं त्या ज्या गावगाड्यात राबल्या, त्यात हा शब्द रोज कुठे ना कुठे कानावर पडत असणार. तो ऐकत त्यांनी स्वतःच्या नशिबाशी जे भांडण मांडलं ते सगळ्या मराठीला माहीत आहे.

म्हणून नुसता शब्द बंद करण्याचे प्रयत्न मला अपुरे वाटतात, पण व्यर्थ वाटत नाहीत. खानदेशाच्या दक्षिणेला, ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली त्या नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावाने २८ नोव्हेंबर २०२४ च्या ग्रामसभेत ठराव केला की आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड. बातमी सगळीकडे गेली, काहींनी चेष्टा केली. चेष्टा करणाऱ्यांनी एक गोष्ट पाहिली नाही. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं, बांगड्या फोडणं या रूढीही या गावाने सोडल्या आहेत. त्याआधी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने तो इतर गावांपुढे ठेवला. शिवीचं मूळ असं खणलं जातं. ज्या गावात विधवा हळदीकुंकवाला बसते, त्या गावात 'रांड' या शब्दाची धार किती दिवस टिकेल? दंडाची पावती फाडण्यापेक्षा या कामाला जास्त वेळ लागतो, हे खरं.

शाळेने मात्र असं काही केलं नाही. शाळेने अख्खी बोलीच शिवीच्या खात्यात टाकली. अहिराणीत बापालाही 'तू' म्हणतात. मोठ्यांसाठी आदरार्थी अनेकवचन फारसं येत नाही. ओळखीच्याला, बिनओळखीच्याला 'भो' म्हणून हाक मारतात. यात अनादर नाही, जवळीक आहे. पण पुण्याच्या व्याकरणावर वाढलेल्या कानाला ते उर्मट वाटलं. 'नीट बोल' याचा अर्थ खानदेशातल्या पोरांना पिढ्यानपिढ्या 'घरच्यासारखं बोलू नको' असाच लागला. २०११ च्या जनगणनेत अठरा लाखांहून जास्त माणसांनी आपली भाषा खानदेशी गटातली असल्याचं नोंदवलं आहे. त्यांतल्या किती जणांनी शाळेच्या पहिल्याच वर्षी आपल्या आईचं बोलणं असभ्य असतं असं शिकून घेतलं असेल, याचा विचार केला की वाईट वाटतं.

अमळनेरच्या शाळेत १९२४ ते १९३० साने गुरुजी शिकवत होते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले आणि गुरुजींनी ते उतरवून घेतलं. या मुलखाने मराठीला दिलेली ही निर्मळ वाणी आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावीच. पण निर्मळ वाणीचा तो वारसा पुढच्या मास्तरांनी छडीसारखा वापरला. गुरुजींचं मन त्या छडीत नव्हतं.

नोंदी ठेवणाऱ्यांनीही शिव्या टाळल्या. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा भिल्ली आणि खानदेशी बोलींचा भाग १९०७ साली निघाला. त्यात प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट त्या त्या बोलीत सांगून घेतलेली आहे. सगळी मालमत्ता उधळून परतलेल्या मुलाला बाप गळ्याशी धरतो, एकही कठोर शब्द बोलत नाही. गोष्ट सुंदर आहे, तौलनिक अभ्यासाला सोयीचीही आहे. पण तिच्यामुळे खानदेशी बाप रागावला की काय बोलतो याची त्या मोठ्या ग्रंथात नोंद राहिली नाही. मराठीच्या असभ्य म्हणी आणि वाक्प्रचार अ. द. मराठे यांनी गोळा करून पुस्तकरूपाने आणले, ते फार उशिरा आणि एकट्याच्या हिमतीवर.

धुळ्याला शब्द न टाळणारी दुसरी परंपराही आहे. इतिहासाचार्य राजवाडे शेवटी धुळ्यात राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ ला तिथेच वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासावर लिहिताना त्यांनी वैदिक यज्ञातले उघड लैंगिक संवाद आणि फार जुन्या समागमाच्या चाली यांची आडपडदा न ठेवता चर्चा केली. १९२३ मध्ये 'चित्रमय जगत्'मध्ये त्यातला भाग आला तेव्हा मोठा गहजब झाला. राजवाड्यांचे निष्कर्ष सगळेच टिकले नाहीत. पण विद्वानाने शब्दाला घाबरू नये, ही त्यांची शिस्त मला आजही हवीशी वाटते, आणि हे पुस्तक त्याच मुलखातून यावं याचा आनंद आहे.

मराठीत असे शब्द छापायचे तर त्यांना जामीन लागतो, आणि तो प्रस्तावनेच्या रूपाने द्यावा लागतो. १९५२ साली बहिणाबाईंच्या गाण्यांना आचार्य अत्र्यांची प्रस्तावना होती. तिथे प्रश्न शिवीचा नव्हता, बोलीचा होता. निरक्षर शेतकरी बाईच्या लेवा बोलीला मराठी कविता म्हणायला एका मोठ्या माणसाची सही लागली. १९७२ साली नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आली. तेंडुलकरांनी आधी ढसाळांबरोबर त्या कवितांतली वस्ती पाहिली, अडलेल्या शब्दांचे अर्थ विचारून घेतले आणि मग लिहिलं. प्रस्तावना लिहिणाऱ्याने कसं वागावं याचा तो धडा आहे. त्याच वर्षी तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' परिनिरीक्षण मंडळाने अडवलं आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. साने गुरुजींनीच सुरू केलेल्या 'साधना'च्या १५ ऑगस्टच्या अंकात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. दलित बाईची विटंबना करणाऱ्याला कायद्याने किती कमी शिक्षा होते आणि राष्ट्रध्वजाच्या अपमानाला किती जास्त, हे ढाल्यांनी शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. ते लिहिताना ध्वजाविषयी एक असा शब्दप्रयोग केला की महाराष्ट्र हादरला. मोर्चे निघाले, निषेध झाले. ते सगळे त्या शब्दाविरुद्ध होते. ज्या बाईसाठी तो शब्द आला होता, तिच्यासाठी तेवढे मोर्चे निघाले नाहीत. शब्दाचा विटाळ आणि माणसाची विटंबना यांत समाज कशाला आधी धावतो, हे तेव्हा उघडं पडलं.

जातीवरून दिल्या जाणाऱ्या शिव्यांविषयी माझं मत ठाम आहे. खानदेशात काय किंवा उरलेल्या महाराष्ट्रात काय, देहाचे शब्द मुलांपुढे बोलायची ज्यांना लाज वाटे, ती सभ्य माणसं जातीचं नाव शिवीसारखं सहज वापरत. म्हणीत वापरत, उपमेत वापरत, पोराच्या गबाळेपणाला वापरत. तो शब्द अशुभाच्या यादीत नव्हता आणि अश्लीलाच्याही नव्हता. दोन्ही मापांतून तो सुटला, कारण मापं बनवणाऱ्यांना तो कधी लागलाच नव्हता. तो अपराध आहे हे कायद्याला सांगावं लागलं. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने ते आणखी स्पष्ट झालं. लोकांना दिसेल अशा ठिकाणी जातीच्या नावाने शिवीगाळ करणं हा त्यात स्वतंत्र गुन्हा आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. तोवर अशी नावं सरकारी कागदांवर, पाट्यांवर राजरोस होती आणि पत्ता म्हणून ती पोरांच्या दाखल्यांवर चढत होती.

कायद्याचं दुसरं अंग मात्र कमजोर आहे. बाईला घराच्या दारात येऊन कोणी आई-माईवरून बोललं, तर बहुतेक वेळा ठाण्यात अदखलपात्र म्हणून नोंद होते आणि कागद तिथेच राहतो. जातीवरून शिवी खाल्लेल्याला तर तीच शिवी फिर्यादीत पुन्हा उच्चारून लिहून द्यावी लागते. हवालदार विचारतो, नेमकं काय म्हणाला? ज्या शब्दाने माणूस मोडला, तोच शब्द त्याने चार अनोळखी माणसांपुढे परत सांगायचा. हे टळणारं नाही, पण ते ऐकून घेणाऱ्याचा चेहरा कसा असावा याचं तरी शिक्षण हवं. सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०२४ च्या निकालात, एका वेबमालिकेच्या खटल्यात, शिवराळ भाषा म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे असं म्हटलं. योग्यच आहे. कथेतल्या पात्राला बोलू द्यावं. शेतात राबणाऱ्या सालदाराला आणि कापूस वेचणाऱ्या बाईला मुकादम जे बोलतो ते पात्राचं बोलणं नसतं, आणि त्याच्यासाठी कोणी न्यायालयात जात नाही.

या संग्रहात काय छापलं आणि काय नाही, हे यावरूनच ठरलं आहे. देहाचे आणि नात्यांचे शब्द फुल्या न घालता दिले आहेत, कारण फुल्यांनी वाचणाऱ्याची सोय होते आणि ज्या बाईवरून ती शिवी आहे तिचं काहीच होत नाही. बायकांचे शाप शक्य तिथे पूर्ण वाक्यात, अहिराणी आणि लेवा बोलींतल्या उच्चारांसह घेतले आहेत. जातीच्या नावाने येणाऱ्या शिव्या आणि म्हणी वगळल्या आहेत. त्यांचा अभ्यास व्हायला हवा, पण तो ज्यांनी त्या सोसल्या त्यांच्या हातून आणि त्यांच्या अटींवर व्हावा, असं मला वाटतं.

उणीव सर्वांत जास्त आहे ती बायकांच्या बाजूला. सत्तरी ओलांडलेल्या आजींना पटकी आणि मरी हे शब्द अजून खऱ्या भयासह आठवतात. त्यांच्या नातींना ते नुसते विनोदी वाटतात. शिरपूर, साक्री, पारोळा, एरंडोल, यावल, रावेर या भागांतल्या वाचकांनी आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून असे शाप, आखाजीच्या गाया आणि दिवा, सर्प, आजार यांसाठी टाळलेले शब्द उतरवून ठेवावेत. उतरवताना शब्दापुढे चार गोष्टी लिहाव्यात : कोणी म्हटलं, कोणाला म्हटलं, कशावरून म्हटलं आणि ऐकणाऱ्याने मग काय केलं. नुसत्या शब्दांची यादी आपल्याला पुष्कळ आहे.